हिराबाईच्या दुसऱ्या काळजाचा फोटो

मी सिस्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पस्तीस वर्षं सांगत आले आणि कुणी ऐकलं नाही. निळे कपडे घातलेली बाई हॉस्पिटलात दिसली की ती सिस्टर, हा आपल्याकडचा कायदा आहे. पेशंट सिस्टर म्हणायचे, त्यांचे नातेवाईक सिस्टर म्हणायचे, आमच्या चाळीतले लोक तर इंजेक्शन घेऊन दारात उभे राहायचे, "तेवढं टोचून दे गं." अरे बाबांनो, मला सुई टोचता येत नाही! मी टेक्निशियन. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, कॅथलॅबमध्ये.

कॅथलॅब म्हणजे काय ते सांगते. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून एक बारीक, लांब नळी डॉक्टर थेट हृदयाच्या तोंडापर्यंत नेतात. तिच्यातून एक औषध सोडतात, त्याला आम्ही डाय म्हणतो. डाय हृदयाच्या नसांमधून धावतो आणि तेवढ्या दोन-चार सेकंदांत एक्सरेने त्याचा सिनेमा काढायचा. हीच अँजिओग्राफी. नळी डॉक्टरांच्या हातात, यंत्र माझ्या हातात. कुठल्या बाजूने किती तिरकं, किती जवळून, कधी सुरू, कधी बंद, हे सगळं मी बघायचं. सिनेमा उत्तम निघाला तर डॉक्टर हुशार, वाईट निघाला तर टेक्निशियन झोपली होती. पेशंट जागाच असतो. त्याला आधी बजावून ठेवायचं, "काका, आता अंगभर गरम वाटेल, लघवी झाली असं वाटेल, पण झालेली नसते, घाबरू नका." हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. एका रिटायर्ड फौजदारांनी मला उलट दम दिला होता, "झालेली नसते हे तुम्ही कशावरून सांगता?" त्यांचं खरं निघालं होतं.

माझं नाव संयुक्ता. संयुक्ता मोहिते. मी जन्मले तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता आणि बाबा मिलची पाळी संपली की घरी यायच्या ऐवजी मोर्चात जायचे. आई म्हणायची, "पोरीला बघायला तिसऱ्या दिवशी आले, ते पण घसा बसवून." बारशाला नाव काय ठेवायचं यावर चर्चाच झाली नाही म्हणे. बाबा लालबागच्या एका मिलमध्ये सूतखात्यात होते. आमचं घर नायगावच्या बीडीडी चाळीत. हा इतिहास इथेच पुरे, पण बाबांचं एक वाक्य लागणार आहे म्हणून सांगते. सूत जाड आहे की बारीक हे तपासायचं त्यांचं काम. ते म्हणायचे, "एकटा धागा बघून भलाभला फसतो गं. शेजारी दुसरा ठेव, मग बोल."

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे हृदय बदललेले पेशंट येऊ लागले, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की मोठं काम झालं ते ऑपरेशनचं, आपल्या वाट्याला काय, वर्षातून एकदा फोटो. तर तसं नाही. दुसऱ्याचं हृदय आपल्या छातीत बसवलं तरी शरीर त्याला पाहुणाच समजतं. कुरबूर चालू राहते. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, आणि तरीही काही जणांमध्ये त्या नव्या हृदयाच्या नसा आतून हळूहळू जाड होत जातात. आपल्यासारख्यांच्या नसेत एका ठिकाणी गुठळीसारखं अडतं, फोटोत लगेच खड्डा दिसतो. यांच्यात तसं नसतं. नस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच बारीक होते, अगदी गुळगुळीत. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय सुंदर नस! आणि त्याहून वाईट म्हणजे दुखत नाही. ऑपरेशनमध्ये हृदयाच्या संवेदनेच्या तारा तुटलेल्या असतात. तुम्हाआम्हाला छातीत कळ येते, ती देवाने दिलेली घंटा आहे. यांची घंटाच कापलेली. म्हणून दरवर्षी फोटो काढायचा.

या बाबतीत मला एक माणूस आठवतो. गिरगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, आम्ही त्यांना सरच म्हणायचो. चाळिशीही गाठली नव्हती. फोटो काढताना पडद्याकडे बघून म्हणायचे, "काय हो, झाडाच्या फांद्या काढायला मी पोरांना अशाच शिकवतो." तिसऱ्या वर्षीचा फोटो स्वच्छ आला. सगळ्यांनी स्वच्छ म्हटलं, मीसुद्धा. ते पेढे घेऊन आले. चार महिन्यांनी शाळेचा जिना चढताना वरच्या पायरीवर बसले आणि तिथेच गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे तिन्ही वर्षांचे फोटो काढून बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिन्ही वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले, कारण त्या त्या दिवशी यंत्रावर जो होता त्याने आपल्या सवयीने घेतले. त्यातला एक मी घेतलेला होता. कोन वेगळे असले की एकाशेजारी एक ठेवून काही कळत नाही. तरी बराच वेळ बघितल्यावर मला दिसलं. नस बारीक होत गेली होती. दरवर्षी थोडी थोडी, कुणाच्या नजरेत न येता. चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही, असंच सगळे म्हणाले. मी घरी येऊन रडले आणि मग मला राग आला. बाबांनी लहानपणीच सांगून ठेवलेलं, आणि मी पोरगी त्यांची!

त्या दिवसापासून मी एक वही सुरू केली. हृदय बदललेल्या प्रत्येक पेशंटला एक पान. पहिल्या वर्षी कुठल्या कोनातून फोटो घेतला, टेबल किती वर होतं, जवळून की लांबून, नळी कुठल्या जाडीची. पुढच्या वर्षी पान उघडायचं आणि अगदी तसाच फोटो घ्यायचा. नळीची जाडी का, तर ती आपल्याला ठाऊक असते, दोन मिलिमीटर. नळी आणि नस एकाच फोटोत असतात. म्हणजे नळी हीच फूटपट्टी. नस नळीच्या दीडपट आहे की सव्वापट, हे मोजता येतं. यात शोधबिध काही नाही, शिंप्याच्या वहीत मापं असतात तसं हे. पण आमचे डॉ. आठल्ये तिला 'मोहितेबाईंची पोथी' म्हणायचे. माणूस हाताने अत्यंत चलाख, मनाने चांगला, पण घाई इतकी की चहासुद्धा उभ्याने. "बाई, पोथी वाचून झाली असेल तर सुरू करू?" असं रोज. मी म्हणायची, "अध्याय संपू दे, सर."

हिराबाई शिवडीच्या कोळीवाड्यातली. लालबागच्या बाजारात मासे विकायची. वय पन्नासच्या आसपास, अंगाने थोराड, आवाज असा की बाजाराच्या ह्या टोकाला पापलेट म्हटलं की त्या टोकाला बोंबील विकणारीने ऐकावं. तिचं स्वतःचं हृदय फुगून निकामी झालं होतं. एका तरण्याताठ्या मुलाचं हृदय तिला मिळालं. तो कोण, कुठला, हे आम्हाला सांगत नाहीत आणि तिला पण नाही. ती त्याला 'माझा पोरगा' म्हणायची. "माझा पोरगा आज कसा हाय बघा," असं म्हणत टेबलावर चढायची. पहिल्या वर्षीच्या फोटोत नस नळीच्या दीडपट होती. दुसऱ्या वर्षी फोटो झाला तेव्हा मी आजारी रजेवर होते. रिपोर्टात स्वच्छ लिहिलेलं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. अशा पेशंटना तारीख कळवायला मीच फोन करायची, कारण तीन वर्षांत ते घरचेच झालेले असतात. मी गडबडीत होते. म्हटलं, "हिराबाई, मंगळवारी सकाळी आठला. उपास करून या हं." तिकडून आनंदाने उत्तर, "मंगलवार तर माझ्या देवीचाच हाय गं बाय, करतेच मी!"

मंगळवारी आठ वाजता हिराबाई सुनेला घेऊन हजर. नऊवारी, गजरा, कपाळभर कुंकू. मी फॉर्म भरता भरता नेहमीचा प्रश्न विचारला, "शेवटचं कधी खाल्लं?"

"जेवली कुठं मी? उपास हाय."

"हो, पण पोटात काही गेलं का?"

"काय नाय. साडेसातला साबुदान्याची खिचरी खाल्ली ताटलीभर, दोन केली नि च्या. गोल्या घ्यायच्या ना वर!"

मी कपाळावर हात मारला. सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. चूक तिची नव्हती, शंभर टक्के माझी होती. आमच्या घरात आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून उपासतापास बंद. माझ्या डोक्यात उपास म्हणजे पोट रिकामं. उपासाला ताटलीभर खिचडी असते, वर केळी असतात, हे नायगावात जन्म काढून मला माहीत नाही असं नाही, पण ते जिभेला माहीत नव्हतं. 'उपाशी पोटी या' म्हणायच्या ऐवजी 'उपास करून या' म्हणून बसले. एका अक्षराने घात केला.

भरल्या पोटी अँजिओग्राफी करत नाहीत. उलटी झाली, श्वासनळीत गेली, तर नसतं लफडं. डॉ. आठल्ये भडकले. "बाई, पस्तीस वर्षं नोकरी झाली तुमची! साबुदाणा? पुढच्या महिन्यातली तारीख द्या. ह्या आठवड्याची यादी भरलेली आहे, पुढच्या आठवड्यात मी परदेशी चाललोय."

"सर, चूक माझी आहे. पेशंटला शिक्षा नको. सहा तास दीडला भरतात, तीन वाजता शेवटची घ्या. मी जेवायला जात नाही, टेबल वेळेवर रिकामं करून देते."

त्यांनी यादीच्या तळाशी हिराबाईचं नाव खरडलं, म्हणजे हो. हिराबाईला बाहेरच्या खोलीत कॉटवर बसवलं. मधून मधून मी डोकावत होते. अपराधीच वाटत होतं ना! एकदा ती म्हणाली, "बरं झालं बाय, बसायला मिलालं. तीन म्हयने झाले, लय बसावंसं वाटतं."

"का हो? छातीत दुखतं?"

"छ्या! दुखत काय नाय. पाय जड होतात. नि हाक पुरत नाय."

"हाक पुरत नाही म्हणजे?"

"पहिली कशी, एका दमात सगली मासली बोलून टाकायची. आता सुरमयपर्यंत येते नि दम संपतो. सून बोलते पुढचं."

सून म्हणाली, "सासूबाईंना सांगा तुम्हीच. डॉक्टरला विचारू या म्हटलं की म्हणतात, दुखत नाही तर कशाला सांगायचं."

घंटा कापलेल्या माणसाचं दुखणं असंच कुठूनतरी बोलतं, पायातून, दमातून. मला एकदम त्या चित्रकलेच्या सरांचा जिना आठवला. सकाळी आठला पोट रिकामं असतं तर हिराबाई टेबलावर गेली असती, वीस मिनिटांत उतरली असती आणि माझ्याशी चार शब्द बोलायला तिला वेळच मिळाला नसता. मी आत गेले आणि तिचे आधीचे दोन्ही फोटो काढून बसले. दुसऱ्या वर्षीचा कोन जरा वेगळा होता, पण नळी होती, मापता येत होतं. दीडपटीच्या जरा आतच भरत होती. जरासाच फरक. एवढ्यावर कुणी बोललं तर लोक हसतील इतकाच.

तीन वाजता हिराबाई टेबलावर चढली. "माझा पोरगा कसा हाय बघा." मी वही उघडून कोन लावला, टेबलाची उंची लावली, अगदी पहिल्या वर्षासारखी. डाय गेला, सिनेमा निघाला. समोरच्या नसेची रेघ पडद्यावर उमटली, कुठे खड्डा नाही, कुठे अडथळा नाही.

"सुरेख," डॉ. आठल्ये म्हणाले. "स्वच्छ. चला, नळी काढतो."

"सर, थांबा. नळी काढू नका."

आमच्या धंद्यात हे वाक्य टेक्निशियन बोलत नाही. फोटो काढणं आमचं, वाचणं त्यांचं. शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चप्पल घालून देवळात शिरले.

"का?"

"बारीक झालीये, सर."

"बाई, नस गुळगुळीत आहे."

"गुळगुळीतच आहे. पण बारीक आहे. पहिल्या वर्षीचा शेजारी लावते, बघा." आणि मी लावला. दोन पडदे, दोन फोटो, एकच कोन, एकच नळी. पहिल्या वर्षी नळीच्या दीडपट. आता जेमतेम सव्वापट. "आणि सर, हिला धाप लागते. पाय जड होतात. तीन महिने झाले. सकाळी मला सांगितलंय."

"काय झालं गं बाय?" टेबलावरून हिराबाई. "भांडताय कशाला? माझ्या पोटात खिचरी नाय आता!"

डॉ. आठल्ये दोन्ही पडद्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आवळली असेल." नस नुसती आकसली असेल तर सैल करायचं एक औषध असतं, ते त्यांनी नळीतून दिलं. आम्ही थांबलो. पुन्हा फोटो. तेवढीच. मग ते शांतपणे म्हणाले, "आतली सोनोग्राफीची तार द्या."

ती तार म्हणजे टोकाला अगदी इवलंसं सोनोग्राफीचं यंत्र असलेली नळी. ती नसेच्या आत जाते. अँजिओग्राफी फक्त पाणी कुठून वाहतं ते दाखवते, ही पाइपाची भिंत दाखवते. दरवेळी ती करत नाहीत. तार आत गेली आणि पडद्यावर गोल गोल चित्र यायला लागलं. भिंत सगळीकडून जाड झालेली, दूध तापून जाड साय धरावी तशी. मध्यभागी वाट उरलेली लहानशी. आणि एका ठिकाणी तर इतकी लहान, की डॉ. आठल्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पुटपुटले, "अरे बापरे."

मी तिथे उभी होते आणि मला एकाच वेळी भीती वाटत होती आणि, कशाला लपवू, आनंद पण होत होता. सापडलं होतं! वेळेत सापडलं होतं. दुसरं हृदय माणसाला मिळतं हेच नशीब, तिसरं कुणाला मिळत नाही. हे गेलं असतं तर हिराबाई गेली असती, बाजारात पाटीजवळ बसल्या बसल्या, काही दुखल्याशिवाय.

तिथल्या तिथे सुनेची सही घेतली आणि त्या सगळ्यात अरुंद जागी स्टेंट बसला. बाकीच्या नसेला स्टेंट उपयोगाचा नसतो, तिथे औषध बदलावं लागतं, ते दुसऱ्या दिवशी हृदय बदलणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी बसून बदललं. टेबलावरून उतरवताना हिराबाईने माझा हात धरला. "बाय, माझा पोरगा वाचला ना?"

"वाचला. खिचडीने वाचवला."

"देवीने," ती म्हणाली. मी वाद घातला नाही. त्या दिवशी तिच्या देवीशी माझं काही भांडण नव्हतं.

डॉ. आठल्ये हात धुवून आले, माझ्यासमोर उभे राहिले. माफी मागणं हा त्यांचा विषय नाही. म्हणाले, "बाई, ती पोथी जरा बघायला द्या." घेऊन गेले आणि चार दिवस परत दिली नाही. माझा जीव वर-खाली. पाचव्या दिवशी वहीच्या ऐवजी एक छापील तक्ता आला. हृदय बदललेल्या प्रत्येक पेशंटसाठी, कोन, उंची, नळीची जाडी, आधीच्या वर्षीचं माप. खाली सूचना होती, की मागच्या वर्षीचा फोटो शेजारी लावल्याशिवाय रिपोर्ट लिहू नये. पुढच्या काही महिन्यांत त्या तक्त्याने आणखी दोघांची नस पकडली. त्यांतला एक अजून दिवाळीला फराळ पाठवतो. चकल्या कडक असतात, पण मी खाते. चित्रकलेच्या सरांना हा तक्ता मिळाला असता तर, असं मनात येतंच. येऊ दे. यायलाच पाहिजे.

पेशंटला द्यायचा सूचनांचा मराठी कागदही मी स्वतः नव्याने लिहिला. 'उपाशी पोटी यावे. उपास चालणार नाही. साबुदाणा, वरी, केळी, राजगिरा, चहा, दूध, काही नाही.' प्रशासनातल्या एका मॅडमनी विचारलं, "इतकं लिहायची गरज आहे का?" मी म्हटलं, "मॅडम, गरज आहे. मला विचारा."

पुढच्या वर्षी हिराबाई आली तेव्हा मी नोकरीच्या शेवटच्या महिन्यात होते. खरी उपाशी आली होती, आणि ते तिने आल्या आल्या तीन वेळा सांगितलं. सगळं पुन्हा तसंच. मी कोन लावला, उंची लावली, मागच्या वर्षीचा फोटो दुसऱ्या पडद्यावर ठेवला. डाय गेला. समोरच्या नसेची रेघ उमटली. डॉ. आठल्ये सवयीप्रमाणे म्हणाले, "सुरेख," आणि नळीला हात घातला.

मग थांबले. माझ्याकडे वळले. आख्ख्या खोलीदेखत, शिकाऊ डॉक्टरांसमोर, विचारलं, "बाई, काढू?"

मी घाई केली नाही. दोन्ही पडदे बघितले. एकदा मापलं, पुन्हा मापलं. केसभरसुद्धा कमी झाली नव्हती.

"काढा, सर," मी म्हटलं.